खासदाराचा माजी सैनिक, सीमा सुरक्षा आणि सरकारी खर्चाबाबतचा लेखाजोखा: कोणता कागद कुठून मागवायचा

‘आमच्या खासदारांनी माजी सैनिकांच्या बाजूने किती वेळा मत दिलं?’ माहिती अधिकारात असा प्रश्न विचारला की उत्तर येतं, ‘माहिती उपलब्ध नाही’. यात टाळाटाळ नसते. लोकसभेत बहुतेक निर्णय आवाजी मतदानाने होतात. सदस्याने मतविभाजन मागितलं आणि ते झालं, तरच कोणी कुठे मत दिलं याची नोंद होते. शिवाय पक्षादेश निघाला असेल, तर राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टामुळे (पक्षांतरबंदी) त्याविरुद्ध मत देणं म्हणजे सदस्यत्व पणाला लावणं. म्हणून आपल्याकडे मतांवरून खासदार जोखता येत नाही. प्रश्न, समितीतलं काम, पत्रव्यवहार आणि स्थानिक विकास निधी, या चार ठिकाणी शोधावं.

अर्जाआधी जे फुकट मिळतं

संसद डॉट इन या संकेतस्थळावर सदस्य, मंत्रालय आणि अधिवेशन निवडून प्रश्नोत्तरं काढता येतात. मंत्रालय निवडतानाच बरेच जण चुकतात. निवृत्तिवेतन, ‘वन रँक वन पेन्शन’ (समान हुद्दा आणि समान सेवेला सारखंच निवृत्तिवेतन), ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे दवाखाने हे संरक्षण मंत्रालयाच्या माजी सैनिक कल्याण विभागाकडे. सीमा सुरक्षा दल, आयटीबीपी (भारत-तिबेट सीमा पोलीस), सशस्त्र सीमा बल आणि सीमेवरचं कुंपण गृह मंत्रालयाकडे. फक्त ‘संरक्षण’ निवडलं, तर सीमेवरचे निम्मे प्रश्न दिसतच नाहीत.

प्रश्नांच्या संख्येवर फार विसंबू नये. एकाच विषयावरच्या प्रश्नांच्या सूचना एकत्र केल्या जातात, तेव्हा एका प्रश्नावर अनेक सदस्यांची नावं येतात आणि प्रत्येकाच्या खात्यात एक प्रश्न जमा होतो. लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न लागतात. तोंडी उत्तर आणि उपप्रश्न फक्त तारांकितला, तेही तासाभरात जितके होतील तितके. मंत्री सरकारला प्रश्न विचारत नाहीत आणि हजेरीपटावर सहीही करत नाहीत, त्यामुळे त्यांच्या नावापुढचं शून्य हे निष्क्रियतेचं लक्षण नव्हे. उलट, शंभर टक्के हजेरी म्हणजे त्या दिवशी सही झाली, एवढंच.

उत्तर वाचताना ‘माहिती गोळा करून सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल’ अशी ओळ दिसली, तर ती खूण करून ठेवा. ते आश्वासन मानलं जातं आणि ते तीन महिन्यांत पूर्ण करायचं असतं. खासदाराने त्याचा पाठपुरावा केला का, हे शंभर प्रश्नांच्या यादीपेक्षा जास्त सांगून जातं.

खर्चाचं खरं काम समितीत

२०२५-२६च्या अर्थसंकल्पात संरक्षण मंत्रालयाला ६.८१ लाख कोटी रुपये मिळाले, त्यांतले सुमारे १.६१ लाख कोटी निवृत्तिवेतनासाठी. एवढ्या रकमेवर सभागृहात सविस्तर चर्चा होईलच असं नाही. वेळ संपला की उरलेल्या अनुदानाच्या मागण्या, म्हणजे मंत्रालयांच्या खर्चाचे प्रस्ताव, ‘गिलोटिन’ने चर्चेविना एकदम मंजूर होतात. राज्यसभा तर अनुदानाच्या मागण्यांवर मतदानच करत नाही.

मागण्यांची छाननी होते ती संरक्षणविषयक स्थायी समितीत. तिचे सदस्य ३१, लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १०. बैठका बंद दाराआड असल्या तरी अहवाल खुले असतात आणि त्यांना जोडलेल्या कार्यवृत्तात त्या दिवशी कोण हजर होतं ते छापलेलं असतं. खासदार समितीवर असेल, तर हे पान आधी उघडा. असहमतीची टिपणी दिली असेल, तर तीही अहवालातच सापडते. सैन्याकडची ६८ टक्के सामग्री जुनाट आहे, हे उपसेनाप्रमुखांनी समितीपुढे सांगितलेलं मार्च २०१८च्या अहवालात नोंदलं गेलं. तेव्हा समितीचे अध्यक्ष होते सत्ताधारी पक्षाचेच खासदार, निवृत्त मेजर जनरल भुवनचंद्र खंडुरी. ‘वन रँक वन पेन्शन’ची शिफारसही राज्यसभेच्या याचिका समितीने भगतसिंह कोश्यारी अध्यक्ष असताना, २०११च्या डिसेंबरात केली होती. सरकारी आदेश निघाला नोव्हेंबर २०१५मध्ये, १ जुलै २०१४पासून लागू.

माहिती अधिकाराचा अर्ज: कोण, किती, कसा

अर्ज भारतीय नागरिकच करू शकतो. परदेशात राहणारा मराठी माणूस भारतीय पासपोर्टवर असेल तर चालतो आणि त्याला ऑनलाइन पोस्टल ऑर्डरची सोय आहे. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या ओसीआय कार्डधारकाला मात्र हा हक्क नाही. कारण सांगावं लागत नाही. नाव आणि पत्रव्यवहाराचा पत्ता पुरतो.

केंद्रीय मंत्रालयासाठी शुल्क १० रुपये. ऑनलाइन भरा किंवा लेखा अधिकाऱ्याच्या नावे पोस्टल ऑर्डर जोडा. अर्ज साधारण ५०० शब्दांच्या आत ठेवावा. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क माफ, पण दाखल्याची प्रत जोडलीच पाहिजे. प्रत पानाला २ रुपये. फाइल बघायला गेलात तर पहिला तास मोफत, पुढे तासाला ५ रुपये.

मजकुरात मत किंवा कारण विचारू नका, कागदाचं नाव घ्या. उदाहरणार्थ: ‘खा. … यांच्याकडून दि. … ते … या काळात माजी सैनिक कल्याण विभागास मिळालेली पत्रे व त्यांवरील उत्तरे यांच्या प्रती द्याव्यात. खासगी व्यक्तींचा तपशील कलम १०नुसार झाकावा.’ शेवटचं वाक्य वगळलं, तर पत्रात कुणा निवृत्त जवानाचं नाव आहे म्हणून अख्खी फाइल नाकारण्याची आयती सबब मिळते.

सीमेबाबतचा अर्ज थेट सीमा सुरक्षा दलाकडे पाठवू नका. भ्रष्टाचार किंवा मानवी हक्कभंगाचा आरोप नसेल तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम २४खाली ते दल या कायद्यातून वगळलेलं आहे. गृह मंत्रालयाच्या सीमा व्यवस्थापन विभागाकडे पाठवा. तैनाती, चौक्यांच्या जागा असं काही मागितलं की देशाच्या सुरक्षेच्या कारणाने माहिती नाकारण्याचं कलम ८(१)(अ) लागतं. तेव्हा मंजूर आणि खर्च रक्कम यांपुरतंच विचारलेलं बरं.

खासदार निधीसाठी नियम वेगळे

निधी वर्षाला ५ कोटी. खासदार कामं सुचवतो, मंजुरी आणि खर्च जिल्हा प्रशासनाचा. कोविडमुळे योजना थांबली होती, म्हणून १७व्या लोकसभेच्या पाच वर्षांचा हिशेब २५ नव्हे, १७ कोटींचा होतो. हे न कळल्याने ‘आठ कोटी गेले कुठे’ असे अर्ज आले आहेत.

महाराष्ट्रात हा अर्ज जिल्हा नियोजन अधिकाऱ्याकडे जातो आणि त्याला राज्याचे नियम लागतात: १५० शब्द, एका अर्जात एकच विषय, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. केंद्राची पोस्टल ऑर्डर इथे जोडण्याची चूक नेहमी होते. ‘सुचवलेली कामे, मंजुरीचा दिनांक, मंजूर व खर्च रक्कम’ अशी यादी मागा.

उत्तराची मुदत ३० दिवस. चुकीच्या कार्यालयात गेलेला अर्ज पाच दिवसांत योग्य जागी पाठवायचा असतो. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर ३० दिवसांत पहिलं अपील. केंद्राकडे ते मोफत, महाराष्ट्रात २० रुपयांचा स्टॅम्प. दुसऱ्या अपिलाला ९० दिवस मिळतात. मंत्रालयांविरुद्धचं केंद्रीय माहिती आयोगाकडे, खासदार निधीचं राज्य आयोगाच्या तुमच्या विभागातल्या खंडपीठाकडे. पहिल्या अपिलाची पोच आणि मूळ अर्जाची प्रत दोन्हीकडे जोडावी लागते.