एका सर्व्हरवरची वेगळी खाती: होस्टिंग पॅनेलमधील विभागणीची पार्श्वभूमी

सीपॅनेल किंवा त्यासारखे पॅनेल (संकेतस्थळांची खाती सांभाळणारे सॉफ्टवेअर) बसवलेल्या सर्व्हरवर नवे संकेतस्थळ आले की त्याच्यासाठी स्वतंत्र खाते उघडायचे की आधीच्याच खात्यात अ‍ॅड-ऑन डोमेन म्हणून ते जोडून टाकायचे, याचा निर्णय आज बहुतेक ठिकाणी परवान्याच्या खर्चाकडे पाहून घेतला जातो. हा प्रश्न खर्चाचा केव्हा झाला हे शोधायला २०१९ च्या मागे जावे लागत नाही. मात्र त्या वर्षी नेमके काय बिघडले हे समजण्यासाठी, त्याआधी खात्याखात्यांमधली भिंत किती सावकाश आणि किती अडखळत उभी राहिली होती, ते पाहावे लागते.

प्रारंभाचा काळ थोडक्यात सांगता येतो. सीपॅनेलची पहिली आवृत्ती १९९६ ची. जानेवारी १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी १.१ च्या मसुद्याने प्रत्येक विनंतीबरोबर डोमेनचे नाव पाठवणे बंधनकारक केले आणि एकाच आयपी पत्त्यावर अनेक संकेतस्थळे ठेवण्याचा मार्ग पक्का झाला. पॅनेलांनी सुरक्षेची नवी कल्पना आणली नव्हती. युनिक्समधील वापरकर्त्यांची विभागणी त्याआधी दोन-अडीच दशके होतीच. युजर तयार करणे, होम फोल्डर देणे, अपाची या वेब सर्व्हर प्रोग्रॅममध्ये डोमेनची नोंद करणे, डीएनएस (डोमेनचे नाव आयपी पत्त्याशी जोडणारी यंत्रणा), ईमेल आणि डेटाबेस त्याला जोडणे ही कामे पॅनेलने एका बटणावर आणली, एवढेच. त्यावर रूट (सर्व्हरचा सर्वाधिकारी), रिसेलर (खाती घेऊन पुढे विकणारा) आणि सामान्य खातेदार अशी तीन पायऱ्यांची उतरंड रचली गेली, आणि २००३ मध्ये आलेल्या डायरेक्टअ‍ॅडमिननेही थोड्याफार फरकाने तीच स्वीकारली. आपल्याकडे जिल्ह्या-तालुक्याच्या गावांतून संकेतस्थळे करून देणाऱ्या एकट्यादुकट्या व्यावसायिकांचा धंदा यातल्या मधल्या पायरीवरच उभा राहिला.

कागदोपत्री वेगळे असलेले हे खाते प्रत्यक्षात मात्र बराच काळ वेगळे नव्हते. अपाची १.२ बरोबर १९९७ मध्ये आलेल्या सुएक्झेक या सोयीमुळे सीजीआय प्रोग्रॅम (वेब सर्व्हरने बाहेरून चालवलेले प्रोग्रॅम) खातेदाराच्या नावाने चालवता येत होते, परंतु पुढची काही वर्षे ज्या भाषेने गाजवली ती पीएचपी अपाचीच्या पोटातच मॉड्यूल म्हणून चाले, आणि अपाची स्वतः ‘नोबडी’ नावाच्या युजरखाली चालत असे. परिणामी एका सर्व्हरवर तीनशे खाती असली तरी त्या तीनशेही खात्यांतील पीएचपी एकाच युजरच्या हक्काने फायली उघडत असे. चित्रे किंवा जोडपत्रे साठवणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमच्या सूचनांत फोल्डरला ७७७ (कोणालाही वाचण्या-लिहिण्याची) परवानगी देण्याची पायरी असे ती यामुळेच. पुढे त्या फोल्डरात जमलेल्या फायलींचा मालक ‘नोबडी’ असल्याने खातेदाराला स्वतःच्याच फायली एफटीपीवरून पुसता येत नसत, ही तक्रार त्या काळात होस्टिंगच्या मदतकक्षात काम केलेल्या कोणालाही आठवत असेल.

यावर पहिला उपाय पीएचपीच्याच आत शोधला गेला. ‘सेफ मोड’ चालू असताना, उघडायच्या फायलीचा मालक आणि ती उघडणाऱ्या प्रोग्रॅमचा मालक एकच आहे का, हे तपासले जाई. ऑपरेटिंग सिस्टिमने करायचे काम भाषेवर सोपवणे ही रचनेतलीच चूक आहे, असे पीएचपीची अधिकृत माहितीपुस्तिका स्वतःच सांगत असे; तरीही ही सोय २००९ पर्यंत मान्यताप्राप्त राहिली आणि २०१२ मध्ये ५.४ आवृत्तीतून निघाली. दरम्यान सुपीएचपीसारख्या जोडण्यांनी प्रत्येक विनंतीसाठी खातेदाराच्या नावाने नवी प्रक्रिया सुरू करण्याचा मार्ग घेतला. तो सुरक्षित असला तरी संथ होता, आणि वर्दळीच्या संकेतस्थळांचे मालक त्याला कंटाळत. प्रत्येक खात्याला कायम तयार असलेल्या प्रक्रियांचा स्वतंत्र संच देणारे पीएचपी-एफपीएम २०१० मध्ये ५.३.३ आवृत्तीबरोबर मूळ पीएचपीत आले तेव्हा वेग आणि विभागणी एकत्र मिळण्याची शक्यता दिसली. पॅनेलांमध्ये ते रुजायला आणखी काही वर्षे गेली.

त्यानंतरही एक फट राहिली होती. पीएचपी खातेदाराच्या नावाने चालू लागले, पण साध्या फायली वाचून पाठवणारे अपाची ‘नोबडी’च राहिले, आणि त्याला प्रत्येकाच्या वेब फोल्डरात वाचनाचा हक्क देणे भाग होते. आपल्या खात्यात सिमलिंक (दुसऱ्या फायलीकडे नेणारा दुवा) करून ती शेजारच्या खात्यातील वर्डप्रेसच्या कॉन्फिग फायलीकडे वळवायची आणि अपाचीकरवी ती साध्या मजकुरासारखी मागवून डेटाबेसचा पासवर्ड वाचायचा, असे हल्ले गेल्या दशकाच्या सुरुवातीला इतके वाढले की एक कमजोर खाते फुटले म्हणजे सबंध सर्व्हरच धोक्यात येई. दुव्याचा मालक तपासण्याची अपाचीतील सोय अपुरी ठरली, कारण तपासणी आणि फाइल उघडणे यांच्यामधल्या क्षणात दुवा बदलता येत होता. कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) पातळीवरील दुरुस्त्या आणि खातेदाराला फक्त स्वतःपुरतीच फाइलव्यवस्था दाखवणारी केजएफएससारखी साधने आल्यावर हे प्रकार आटोक्यात आले. त्याच साधनांच्या कुळातून प्रत्येक खात्याला प्रोसेसर आणि मेमरीची वेगळी मर्यादाही मिळाली.

एसएसएलचा (संकेतस्थळाशी होणारी देवाणघेवाण कूटबद्ध करणाऱ्या पद्धतीचा) अडसरही याच काळात दूर झाला. पूर्वी प्रमाणपत्रासाठी स्वतंत्र आयपी पत्ता लागे. जोडणी करतानाच डोमेनचे नाव कळवण्याचा एसएनआय हा त्यावरचा उपाय २००३ पासून लिहून ठेवलेला होता, पण विंडोज एक्सपीवरील इंटरनेट एक्सप्लोररला तो कळत नसल्याने त्यावर विसंबता येत नव्हते. एप्रिल २०१४ मध्ये एक्सपीला मिळणारा आधार थांबला, पुढच्या दोन वर्षांत फुकट प्रमाणपत्रे आली, आणि सीपॅनेल ती आपोआप बसवू लागले. थोडक्यात, २०१६ च्या सुमारास प्रत्येक संकेतस्थळाला स्वतंत्र खाते देण्याविरुद्ध सांगण्यासारखे तांत्रिक कारण जवळजवळ उरले नव्हते.

उरलेला फरक खात्याच्या आतला होता. अ‍ॅड-ऑन डोमेन हे सामाईक सातबाऱ्यावर चढवलेल्या नावासारखे असते: हिस्सा दिसतो, पण एकावरचा बोजा सगळ्यांवर येतो. एका खात्यातील सर्व डोमेन एकाच युनिक्स युजरखाली चालतात, त्यामुळे जुन्या प्लगइनमधून एका संकेतस्थळात घुसलेल्याला त्याच खात्यातील बाकीच्या सर्व संकेतस्थळांच्या फायली लिहिण्याचा हक्क आपोआप मिळतो. केजएफएसची भिंत दोन खात्यांच्या मध्ये असते. एकाच खात्याच्या आत तिचा उपयोग नाही.

अशा स्थितीत जून २०१९ च्या अखेरीस सीपॅनेलच्या निर्मात्यांनी दररचना बदलल्याचे जाहीर केले, आणि १ सप्टेंबरपासून ती लागू झाली. तोवर परवाना सर्व्हरमागे होता. व्हीपीएस (मोठ्या यंत्रातला आभासी सर्व्हर) आणि प्रत्यक्ष यंत्र यांचे दर वेगळे असत, पण खाती कितीही उघडता येत. नव्या रचनेत १, ५, ३० आणि १०० खात्यांचे टप्पे आले, आणि शंभरापुढील प्रत्येक खात्याला वेगळे शुल्क लागू झाले. आदल्या वर्षीच हे उत्पादन एका युरोपीय गुंतवणूक गटाच्या हाती गेले होते. त्याच गटाने २०१७ मध्ये प्लेस्क हे दुसरे पॅनेलही घेतले असल्याने, बाजारातील दोन मोठी पॅनेले एकाच मालकाकडे गेल्याचा राग या वादात मिसळला.

निर्मात्यांच्या बाजूनेही काही म्हणता येते. यंत्रे मोठी होत गेली, पूर्वी शे-दोनशे खाती सांभाळणारा सर्व्हर हजारापुढे गेला, आणि परवान्याचा दर त्या प्रमाणात वाढला नव्हता. शिवाय एकच खाते चालवणाऱ्याला स्वस्त टप्पा मिळाला. विरोधकांचा भर मात्र आपल्या घटणाऱ्या नफ्यावर होता. दोन-सव्वादोन महिन्यांच्या सूचनेत, गिऱ्हाइकांकडून वर्षाचे पैसे आधीच घेऊन बसलेल्या व्यावसायिकांनी दर कसे वाढवायचे, हा त्यांचा सवाल रास्त होता. ‘अमर्याद खाती’ म्हणून विकलेल्या रिसेलर योजना पुढे मोजून मापून मिळू लागल्या, आणि त्यानंतरही जवळपास दरवर्षी दर वाढत राहिले.

या गदारोळात मोजमापाच्या एककाकडे फारसे कोणी पाहिले नाही, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते खरा आक्षेप तेथेच घ्यायला हवा होता. पैसे ज्याच्यामागे आकारायचे ठरले ते खाते म्हणजे सुरक्षेचेही एकक होते. अ‍ॅड-ऑन डोमेन मोजले जात नसल्याने पाच संकेतस्थळे पाच खात्यांत ठेवणारा पाच पटींनी मोजला जाई आणि तीच एका खात्यात कोंबणारा एकदाच. पंधरा वर्षांत उभारलेली भिंत वापरणाऱ्यावर हा दंडच होता. दुसरा पर्याय दूर नव्हता: त्याच मालकाच्या प्लेस्कमध्ये परवान्याचे टप्पे १०, ३० आणि अमर्याद अशा डोमेनसंख्येवर आहेत. तेथे युनिक्स युजरची सीमा खात्यासारख्या ‘सबस्क्रिप्शन’शी जोडलेली आहे, आणि ही रचना २०१० च्या दहाव्या आवृत्तीपासूनची. त्यामुळे डोमेन जुन्या सबस्क्रिप्शनमध्ये घातले काय किंवा नव्यात, परवान्याच्या हिशेबात फरक पडत नाही. डोमेन मोजल्याने वेगळ्या कुरबुरी झाल्या असत्या हे खरे, पण त्यांची झळ सुरक्षेला बसली नसती.

सीपॅनेलवर परिणाम व्हायचा तो झाला. काहींनी डायरेक्टअ‍ॅडमिन किंवा मुक्त पॅनेले धरली, तर बऱ्याच जणांनी लहान गिऱ्हाइकांची डोमेन एकत्र करून खाती कमी केली. उलट दिशेचा प्रवास मात्र सोपा नाही. अ‍ॅड-ऑन डोमेनचे स्वतंत्र खाते करून देणारे साधन डब्ल्यूएचएममध्ये (सीपॅनेलच्या सर्व्हरचालकासाठीच्या भागात) आहे, तरी डेटाबेसच्या नावापुढे खात्याच्या नावातील पहिली आठ अक्षरे लागत असल्याने नवे खाते म्हणजे नवा उपसर्ग, आणि कॉन्फिग फायलींतील नावे तपासणे आलेच. ऑगस्ट २०१४ पासून मिळणाऱ्या ‘.भारत’ डोमेनची तर आणखीच पंचाईत: देवनागरी नाव सर्व्हरवर ‘एक्सएन’ने सुरू होणाऱ्या लॅटिन रूपात साठवले जाते, आणि खात्याला ओळखू येईल असे नाव हातानेच द्यावे लागते.

अलीकडे सीपॅनेलमध्ये एकाच खात्यात अनेकांना स्वतंत्र लॉगिन देण्याची सोय आली असून, ईमेल, डेटाबेस किंवा वेब एवढ्यापुरत्या भूमिका त्यात वाटून देता येतात. पासवर्ड वाटत फिरण्यापेक्षा ती निश्चित बरी. तथापि या लॉगिनमागे नवा युनिक्स युजर नसतो. फायली त्याच मूळ युजरच्या नावे लिहिल्या जातात आणि एकाच खात्यातील दोन संकेतस्थळांमध्ये तिने कोणतीही भिंत उभी राहत नाही.