उजनी ‘मायनस’मध्ये गेली की

उन्हाळा लागला की सोलापुरात पेपर हातात घेतल्यावर पहिल्यांदा उजनी धरणाच्या पाणीसाठ्याचा आकडा बघितला जातो. तो ‘मायनस’मध्ये गेला की घरोघरी पिंपं घासून भरून ठेवायची घाई सुरू होते. मीही भरते. पण त्याच दिवसांत कधीतरी पहाटे निघून करमाळा-भिगवणच्या बाजूला होडीत बसायला जाते, कारण रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायचे तर पाणी ओसरलेलंच लागतं.

धरण शून्याखाली जातं म्हणजे काय? उजनीत एकूण सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं. त्यातलं ६३ टीएमसीहून थोडं जास्त पाणी तळाचा मृतसाठा म्हणून धरतात आणि टक्केवारी फक्त त्याच्या वरच्या पाण्याची काढतात. त्यामुळे निम्मं धरण भरलेलं असतानाही आकडा शून्य दिसू शकतो. ‘मृत’ हा शब्द मात्र मला पटत नाही. तलावाचा सगळ्यात गजबजलेला काळ याच पातळीच्या आसपास असतो.

टेंभुर्णीजवळच्या भिंतीपाशी पाणी खोल आहे. वर भिगवणकडे जावं तसं ते पसरट, उथळ होत जातं. तिथे काठाचा उतार इतका मंद की पाणी थोडं खाली गेलं तरी लांबच लांब चिखल उघडा पडतो. उथळ पाण्यात ऊन तळापर्यंत पोचतं, शेवाळ वाढतं, गाळात माश्यांच्या अळ्या, किडे, बारीक गोगलगायी वळवळू लागतात. पुण्याकडून वाहत येणाऱ्या सांडपाण्यातलं नत्र आणि स्फुरद या शेवाळाला खतासारखं मिळतं. हेच हिरवं पाणी पुढे आपल्या नळाला येतं, तेव्हा पक्ष्यांना खाणं वाढतंय म्हणून मी त्या घाणीचं कौतुक करणार नाही. शेवाळ प्रमाणाबाहेर माजलं की ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात.

रोहित खातो कसा, हे जवळून बघण्यासारखं आहे. डोकं उलटं करून वाकडी चोच तो पाण्यात बुडवतो. जाड जीभ दट्ट्यासारखी मागेपुढे करून पाणी आत ओढतो, बाहेर ढकलतो; चोचीच्या कडेच्या बारीक दात्यांच्या चाळणीत खाणं अडकतं. ही नुसती चाळणी नाही, असं २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून कळलं. दक्षिण अमेरिकेतल्या चिली रोहितांवर केलेल्या या अभ्यासात दिसलं की पाय आपटून आणि डोकं झटक्याने वर ओढून हे पक्षी पाण्यात छोटे भोवरे तयार करतात. गाळातले किडे त्या भोवऱ्यांत सापडून चोचीपाशी येतात. त्यांचा गुलाबी रंगही या खाण्यातूनच येतो. शेवाळातली आणि किड्यांमधली कॅरोटिनॉइड रंगद्रव्यं पिसांत उतरतात. पिल्लू मात्र राखाडीच असतं.

खाणं इतकं बारीक, म्हणून पोट भरायला दिवसातले कित्येक तास लागतात. आणि इथेच होडीचा संबंध येतो. एवढ्या मोठ्या पक्ष्याला जागच्या जागी उडता येत नाही. पंख मारत पाण्यावरून धावावं लागतं, त्यात बरीच ताकद जाते. दर होडीमागे थवा उठला तर खाण्याचा वेळही गेला आणि खाल्लेलंही गेलं.

मागच्या खेपेला आमच्या होडीत एकजण म्हणाला, “दादा, जरा उडवा की त्यांना, फोटो पायजे.”

होडीवाले भोई समाजातले, एरवी चिलापी मासे धरणारे. त्यांनी इंजिन बंद करून बांबू हातात घेतला. “खाऊ द्या की वं. मान वर केली बघा त्यांनी. आता फुडं न्यायची न्हाई.”

विज्ञानही हेच सांगतं. आधी माना वर होतात, मग पक्षी एकमेकांजवळ सरकतात, मग चालू लागतात, आणि शेवटी उडतात. पहिल्या खुणेलाच थांबलं की पुढचं टळतं. सरळ अंगावर गेल्यापेक्षा तिरकं, हळू गेलेलं त्यांना चालतं. ड्रोन तर आणूच नये.

आम्ही थांबलो. थोड्या वेळाने एकेक मान खाली गेली. इंजिनाचा आवाज नव्हता, म्हणून शेकडो चोचींची लपलप होडीपर्यंत ऐकू येत होती.