मॉनिटरवर जवळून दिसणारी बारीक जाळी : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नवा मॉनिटर घेतल्यावर, विशेषतः तो आधीच्यापेक्षा मोठा असेल तर, पांढऱ्या पानावर बारीक जाळी पसरल्यासारखी दिसते, अक्षरांच्या कडा खडबडीत वाटतात आणि पॅनल सदोष असावे अशी शंका येते. बहुतेक वेळा तसे नसते. जाळी का दिसते आणि मॉनिटर तपासणीला केव्हा आणावा, एवढेच या पत्रकात सांगितले आहे.

पडद्यावरील चित्र पिक्सेल नावाच्या सूक्ष्म ठिपक्यांचे बनते आणि एलसीडी पॅनलच्या प्रत्येक पिक्सेलमध्ये सहसा लाल, हिरवी व निळी अशा तीन उभ्या पट्ट्या असतात. शेजारच्या रंगांचा प्रकाश एकमेकांत मिसळू नये आणि पिक्सेलला वीज पुरवणाऱ्या सूक्ष्म तारा झाकल्या जाव्यात, म्हणून या पट्ट्यांभोवती काळी किनार ठेवलेली असते. जाळी म्हणून जी दिसते ती मुख्यतः हीच किनार. साधे भिंग धरून कोरे पान पाहिले, तर पांढरा रंग कुठेच सापडत नाही; तीन रंगांच्या पट्ट्या आणि मधल्या काळ्या रेषाच दिसतात.

ही जाळी नुसत्या डोळ्यांना दिसेल की नाही, हे पिक्सेलच्या आकारावर आणि आपण किती जवळ बसतो यावर ठरते. चांगल्या नजरेला साधारणपणे कोनाच्या एका अंशाच्या 60व्या भागाइतका तपशील ओळखता येतो. 60 सेंटीमीटरवरून तो सुमारे 0.17 मिलिमीटर भरतो. 1920 × 1080 रिझोल्यूशनच्या (म्हणजे आडवे 1920 आणि उभे 1080 पिक्सेल असलेल्या) 24 इंची मॉनिटरवर एक पिक्सेल सुमारे 0.28 मिलिमीटरचा असतो आणि तेच रिझोल्यूशन 27 इंचांवर ताणले की 0.31 मिलिमीटरचा होतो, म्हणजे मोठा पडदा घेऊन जाळी उलट अधिक ठळक होते. 27 इंचांतच 2560 × 1440 घेतल्यास पिक्सेल 0.23 मिलिमीटरवर येतो आणि 3840 × 2160 घेतल्यास 0.16 मिलिमीटरच्या आत. दिवसभर मजकूर वाचणाऱ्यांनी 27 इंचांत 1920 × 1080 घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. व्हिडिओ लांबून पाहणाऱ्यांना मात्र तो पुरेसा आहे.

मॉनिटर आधीच घेतला असेल, तर तो हातभर मागे सरकवून पाहावा. रिझोल्यूशन पॅनलचे मूळचे आहे तेच ठेवावे. अक्षरे मोठी करण्यासाठी ते कमी करू नये, कारण त्याने जाळी जात नाही आणि अक्षरे मात्र पुसट होतात. त्याऐवजी डिस्प्ले सेटिंग्जमधील स्केलिंग (अक्षरे व चिन्हे मोठी दाखवण्याची सोय) वाढवावे. ओएलईडी मॉनिटरवर (ज्यात प्रत्येक पिक्सेल स्वतः प्रकाश देतो) रंगांची मांडणी वेगळी असल्याने अक्षरांना रंगीत कडा दिसू शकतात. विंडोजमध्ये क्लिअरटाइप या अक्षरांच्या कडा गुळगुळीत करणाऱ्या सोयीची जुळणी करून त्या काही प्रमाणात कमी करता येतात.

मॅट पडद्यावर कधी कधी चमचमणारे कणही दिसतात. ते चकाकी कमी करणाऱ्या लेपामुळे असतात आणि डोके हलवले की त्यांची चमचम बदलते. जाळी जागची हलत नाही. ग्राहक मोबाइलवर पडद्याचे फोटो काढून पाठवतात, त्यांत अनेकदा लाटांसारखे रंगीत पट्टे असतात. पडद्याचे पिक्सेल आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरवरील ठिपके या दोन जाळ्या एकमेकींवर आल्याने ते फोटोतच उमटतात, त्यामुळे निव्वळ फोटोवरून आम्ही दोष ठरवत नाही.

जाळी पडद्याच्या एकाच भागात ठळक असेल, कडेपासून कडेपर्यंत एखादी अखंड रेषा दिसत असेल, एखादा ठिपका सतत पेटलेला किंवा काळा राहत असेल, अथवा एकसारख्या राखाडी रंगावर बारीक नक्षी लुकलुकत असेल, तर मॉनिटर तपासणीला आणावा. सोबत वापरातली केबलही आणावी आणि संगणकावर निवडलेले रिझोल्यूशन लिहून आणावे, कारण मूळ रिझोल्यूशनवर तीच केबल जोडून पाहणे ही आमची पहिली चाचणी असते.