सुई उचलायला लागणारा मिलिसेकंद

जुन्या वेगवान गाड्या जपणाऱ्यांमध्ये एक समज पक्का बसलेला आहे. इंजेक्टर, म्हणजे इंजिनाला पेट्रोल फवारून देणारे भाग, खराब झालेच आहेत, तर बदलताना मूळच्याहून मोठे घ्यावेत, म्हणजे दुरुस्तीही होते आणि ताकदही वाढते. विक्रेते याला दुजोरा देतात आणि एकच आकडा पुढे करतात: मिनिटाला इतके सीसी (घनसेंटिमीटर) पेट्रोल. ३७०, ४४०, ५५०. आकडा जितका मोठा, तितकी गाडी दमदार.

हे चूक आहे. इंजिनाची ताकद ठरते ती त्याने आत घेतलेल्या हवेवर. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल लागतं. हवा तेवढीच ठेवून पेट्रोल वाढवत नेलं, तर एका मर्यादेनंतर ताकद वाढत नाही, घटते. काजळी धरते आणि सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुतलं जातं. मोठा इंजेक्टर लागतो तो टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) बदलून किंवा बूस्ट (त्या हवेचा दाब) वाढवून हवा वाढवली आणि जुना इंजेक्टर पुरेनासा झाला, तरच. टोयोटा सुप्राच्या १९९३च्या टर्बो पिढीत जपानी बाजारासाठी ४४० सीसीचे इंजेक्टर होते आणि अमेरिकी बाजारासाठी ५५०चे. दोन्ही इंजिनांचं नाव एकच असलं तरी टर्बो आणि इंजेक्टर चालवणारा संगणक, म्हणजे कंट्रोल युनिट, हेही वेगळे होते. इंजेक्टर त्या सगळ्या जुळणीचा एक भाग होता.

पण मला खरं सांगायचंय ते याच्या पुढचं. इंजेक्टरचं वर्णन एका आकड्याने होतच नाही. त्याला दोन आकडे लागतात, आणि बदलताना बहुतेक घोळ होतो तो दुसऱ्यामुळे.

इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन मोठ्या प्रमाणावर रस्त्यावर आलं ते १९६७ साली, फोक्सवॅगनवर बसवलेल्या बॉशच्या डी-जेट्रॉनिक प्रणालीतून. तेव्हापासून इनटेक मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमध्ये) फवारा मारणाऱ्या इंजेक्टरचा गाभा फारसा बदललेला नाही. आत तांब्याच्या तारेचं वेटोळं, म्हणजे शाळेत शिकलेलं नालकुंतल. त्याच्या मध्यभागी लोखंडी गाभ्याला जोडलेली सुई, स्प्रिंगने बैठकीवर दाबून धरलेली. मागे पेट्रोल सुमारे ३ बार दाबाने उभं. वेटोळ्यात वीज सोडली की ते चुंबक बनतं आणि सुई उचलतं. किती उचलतं? मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग. वीज तोडली की स्प्रिंग सुईला परत बसवते. दाब ठराविक, भोक ठराविक. म्हणून किती पेट्रोल पडणार हे सुई किती वेळ उघडी राहिली एवढ्यावरच ठरतं. कंट्रोल युनिटच्या हातात फक्त वेळ असतो.

हा वेळ फार थोडा आहे. ६००० फेऱ्यांच्या गतीला दोन फेऱ्यांचं एक चक्र २० मिलिसेकंदांत संपतं आणि सगळं काम त्याच्या आत उरकावं लागतं. इंजिन नुसतं फिरत असताना, म्हणजे आयडलला, ४४० सीसीचा इंजेक्टर दर चक्राला सुमारे २ मिलिसेकंद प्रत्यक्ष फवारतो. हिशेब केला तर हे १५ घनमिलिमीटरच्या आसपास येतं, पाण्याच्या एका साध्या थेंबाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं. तेवढं मोजून, सहाही सिलिंडरना सारखं, सेकंदाला कित्येकदा. वीस-तीस वर्षं जुना सुटा भाग हे करू शकतो याचं मला आजही कौतुक वाटतं.

आता दुसरा आकडा. वीज सोडली त्या क्षणी सुई उचलली जात नाही. वेटोळ्यातून प्रवाह वाढू लागला की त्याचं चुंबकीय क्षेत्र वाढतं, आणि बदलतं क्षेत्र त्याच वेटोळ्यात प्रवाहाला विरोध करणारा व्होल्टेज निर्माण करतं. हा लेन्झचा नियम. त्यामुळे प्रवाह उडी मारून वर जात नाही. आधी झपाट्याने आणि मग हळूहळू, वक्राने चढतो. सुई उचलायला पुरेसं बळ येईपर्यंत साधारण १ मिलिसेकंद जातो. वीज तोडल्यावर सुई बसायलाही थोडा उशीर होतो, पण तो कमी असतो. उघडण्याच्या उशिरातून बंद होण्याचा उशीर वजा केला की जे उरतं त्याला या क्षेत्रातले लोक डेड टाइम म्हणतात: वीज चालू, पण पेट्रोल नाही असा वेळ.

आलेख काढला तर हे लख्ख दिसतं. आडव्या अक्षावर विजेचा वेळ, उभ्या अक्षावर पडलेलं पेट्रोल. मिळते ती सरळ रेषा, पण ती शून्यातून निघत नाही, डेड टाइमइतकी उजवीकडे सरकलेली असते. रेषेचा चढ म्हणजे सीसीचा आकडा आणि आडव्या अक्षावरचा अंतःखंड म्हणजे डेड टाइम. (अगदी लहान वेळांना रेषा वाकते, कारण सुई पूर्ण उचलली जाण्याआधीच परतायला लागते. मोठ्या इंजेक्टरवर जुनी गाडी आयडलला धक्के देते त्याचं हे एक कारण.)

या रेषेचा परिणाम पाहा. मूळ इंजेक्टरचा डेड टाइम १ मिलिसेकंद होता आणि कंट्रोल युनिट आयडलला ३ मिलिसेकंद वीज देत होतं, म्हणजे प्रत्यक्ष फवारा २. तुम्ही तितक्याच सीसीचे, पण ०.७ मिलिसेकंदात उघडणारे नवे चपळ इंजेक्टर बसवलेत. कंट्रोल युनिटला हे ठाऊक नाही. ते ३ देतं आणि फवारा होतो २.३. पेट्रोल १५ टक्के जास्त! मिश्रण १४.७ वरून १२.८ वर. तेच पूर्ण भाराला, १५ मिलिसेकंदांच्या उघडझापीत, १४च्या जागी १४.३ होतात; फरक फक्त दोन टक्के. चढातली चूक सगळीकडे सारख्या टक्क्यांनी दिसते. अंतःखंडातली चूक आयडलला भोवते आणि वेग वाढला की लपते.

यात व्होल्टेज आला की गंमत आणखी वाढते. वेटोळ्याचा रोध १४ ओहम धरू. १४ व्होल्टला प्रवाह शेवटी १ अँपिअरवर पोचेल. वेटोळ्याचा कालांक १ मिलिसेकंद असेल, तर तेवढ्या वेळात प्रवाह शेवटच्या मूल्याच्या ६३ टक्क्यांवर, म्हणजे ०.६३ अँपिअरवर येतो. सुई इथे उचलली जाते असं समजू. बॅटरी १२ व्होल्टवर आली, तर तोच ०.६३ गाठायला १.३३ मिलिसेकंद लागतात. स्टार्टर फिरताना बॅटरी १० व्होल्टपर्यंत खाली बसते, मग २.१ मिलिसेकंद. व्होल्टेज तीस टक्क्यांहून कमी घटला आणि उशीर दुपटीवर गेला, कारण प्रवाहाचा वक्र वर जाता जाता सपाट होत असतो आणि आपण त्याच्या सपाट भागात सरकलो. खऱ्या इंजेक्टरमध्ये गाभा हलला की वेटोळ्याचा प्रवर्तनांकही (प्रवाहातल्या बदलाला ते किती विरोध करतं याचं माप) बदलतो, म्हणून नेमके आकडे वेगळे येतात. दिशा हीच राहते. कंट्रोल युनिटच्या आत म्हणूनच दर व्होल्टेजला किती वेळ वाढवून द्यायचा याचा तक्ता असतो. तो तक्ता मूळ इंजेक्टरसाठी लिहिलेला असतो.

जुन्या गाड्यांमध्ये यातून एक फसवा बिघाड उद्भवतो. कंट्रोल युनिट व्होल्टेज मोजतं ते स्वतःच्या पिनांवर. तिथे १४ दिसतात. पण इंजेक्टरांना वीज देणाऱ्या रिलेचे संपर्क जळालेले असतील, तर वाटेत एखादा व्होल्ट हरवतो. वरच्याच हिशेबाने सुईला ०.१३ मिलिसेकंद जास्त उशीर होतो आणि आयडलला पेट्रोल सहा-सात टक्के कमी पडतं. इंजेक्टर ठणठणीत असतो, दोष तारेत असतो आणि सगळा संच फुकट बदलला जातो. म्हणून खरेदीआधी इंजिन चालू ठेवून इंजेक्टरच्या प्लगपाशी मीटर लावावा.

ऑसिलोस्कोप (विजेचा वक्र पडद्यावर दाखवणारं यंत्र) असेल तर सुईची हालचाल प्रत्यक्ष पाहता येते. प्रवाहाचा वक्र चढत असताना मध्येच एक बारीक खाच दिसते. लोखंडी गाभा वेटोळ्यात सरकला, त्याने उलटा व्होल्टेज निर्माण केला आणि प्रवाह क्षणभर थबकला, तीच ती खाच. बंद धातूच्या डबीतली दहाव्या हिश्श्याची हालचाल आपण बाहेरून, विजेच्या सहीवरून ओळखतो. खाच उशिरा आली तर सुई जड चालते आहे. आलीच नाही तर सुई अडकली आहे.

सुई अडकते कशाने? मुख्य गुन्हेगार म्हणजे इंजिन बंद केल्यानंतरची उष्णता. दामटून आलेली गाडी उभी केली की थंड करणारं पेट्रोल वाहायचं थांबतं आणि इंजेक्टरचं टोक आणखी तापतं. तिथे उरलेल्या पेट्रोलमधले हलके घटक उडून जातात, जड घटकांचं ऑक्सिडीकरण होऊन चिकट, वार्निशसारखा थर बसतो. फट मुळातच केसाएवढी बारीक, त्यामुळे थोडा थरही पुरतो. आधी फवारा बिघडतो, मग प्रमाण घटतं. दुसरा प्रकार याच्या उलट: बैठक झिजते आणि सुई गळू लागते. गरम गाडी लगेच सुरू होत नाही, सुरू झाली की काळा धूर टाकते. तिसरा प्रकार वेटोळ्याचा; थंड असताना रोध बरोबर दाखवतो आणि तापल्यावर तारेचं वेष्टन दगा देतं.

या ठिकाणी बाटलीतल्या औषधांबद्दल बोलायला हवं. पॉलिइथरअमाइन असलेले क्लीनर तो चिकट थर खरोखर काढू शकतात. हे साधं रसायनशास्त्र आहे. पण झिजलेली बैठक, जळकं वेटोळं किंवा कडक झालेली ओ-रिंग (जोडातून गळती रोखणारं रबरी कडं) त्यांनी सुधारत नाही. पेट्रोलच्या नळीवर अडकवायच्या लोहचुंबकांना मात्र एवढाही आधार नाही. हे ‘रेणू सरळ रांगेत आणतात’ असा दावा असतो. पेट्रोलचे हायड्रोकार्बन प्रतिचुंबकीय असतात. चुंबकाचा त्यांच्यावर परिणाम जवळजवळ नसतोच आणि जो असेल तो रेणूंच्या उष्णतेच्या धडपडीत तत्क्षणी विरतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने इंधन वाचवणारी म्हणून विकली जाणारी शंभराहून जास्त साधनं तपासली आहेत आणि मायलेज लक्षणीय वाढवणारं एकही सापडलेलं नाही. ज्या चुंबकाने खरा फरक पडतो तो इंजेक्टरच्या आतच आहे.

एक इंजेक्टर थोडा कमी देतो, तर काय बिघडलं? साध्या प्रवासी गाडीत फारसं नाही, थोडी थरथर. टर्बो गाडीत इंजिन जाऊ शकतं. सहा सिलिंडर आणि एक्झॉस्टमध्ये एकच लॅम्डा सेन्सर (धुरातल्या ऑक्सिजनवरून मिश्रण ओळखणारा) धरा. एका सिलिंडरला १२ टक्के कमी पेट्रोल मिळतं. सेन्सरला सगळ्यांची सरासरी दिसते, म्हणजे २ टक्के कमतरता. कंट्रोल युनिट सहाही सिलिंडरना सुमारे २ टक्के वाढवून देतं. पाच जण उगाच भरले जातात आणि सहावा दहा टक्के उपाशीच राहतो. वर या जुन्या प्रणाली पूर्ण दाबलेल्या ॲक्सिलरेटरला सेन्सरकडे पाहातच नाहीत, थेट तक्त्यावरून पेट्रोल देतात. बूस्टखाली मिश्रण मुद्दाम १२च्या आसपास ठेवलेलं असतं, कारण जास्तीचं पेट्रोल बाष्प होताना ज्वलनकक्ष थंड ठेवतं. १२ टक्के कमी मिळालेल्या सिलिंडरमध्ये ते १३.६ होतं. तिथलं तापमान चढतं, नॉकिंग (मिश्रणाचा अवेळी स्फोट) सुरू होतं आणि पिस्टनची कड वितळते. बाकी पाच पिस्टन स्वच्छ आणि एक भोक पडलेला, असं इंजिन उघडल्यावर आधी त्या सिलिंडरचा इंजेक्टर फ्लो बेंचवर, म्हणजे किती फवारतो ते मोजणाऱ्या यंत्रावर, लावून तपासायला हवा.

म्हणून इंजेक्टर एकटा बदलू नये, संच बदलावा, आणि तोही फ्लो बेंचवर एकमेकांशी जुळवलेला. जुळवणी सतत उघड्या सुईवर आणि २-३ मिलिसेकंदांच्या उघडझापीवर, अशी दोन्हींवर झालेली हवी. पहिली फक्त चढ तपासते, दुसरीत अंतःखंडही येतो. विक्रेता व्होल्टेजप्रमाणे डेड टाइमचा तक्ता देत नसेल तर ते इंजेक्टर मी घेणार नाही, सीसी कितीही जुळोत.

रोधही जुळला पाहिजे. काही इंजेक्टर १२ ते १६ ओहमचे असतात, काही २-३ ओहमचे. कमी रोधाच्या वेटोळ्यात वेढे कमी, त्यामुळे प्रवर्तनांक कमी आणि प्रवाह चटकन चढतो. मोठ्या, जड सुईला ते सोयीचं. पण १४ व्होल्टला २.५ ओहम म्हणजे साडेपाच अँपिअरहून जास्त. कंट्रोल युनिटमधला १ अँपिअरसाठी बनवलेला ट्रान्झिस्टर त्यात जळतो. १९८९च्या निसान स्कायलाइन जीटी-आरमध्ये कमी रोधाचे इंजेक्टर आहेत आणि वाटेत वेगळा रेझिस्टरचा संच बसवलेला आहे. तिथे जास्त रोधाचे नवे इंजेक्टर लावताना तो संच वगळावा लागतो, नाहीतर प्रवाह कमी पडून डेड टाइम वाढतो.

बसवण्याचं काम त्या मानाने सरळ आहे. इंजिन थंड असावं. पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवायचं म्हणजे रेलमधला (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतला) दाब उतरतो. मग बॅटरीची ऋण तार सोडायची. ओ-रिंग नव्याच, इथेनॉल सोसणाऱ्या, स्वच्छ इंजिन ऑइलचं बोट फिरवून. तिरपी बसून कापली गेलेली ओ-रिंग म्हणजे तापलेल्या एक्झॉस्टजवळ पेट्रोलची धार. म्हणून इंजिन सुरू करण्याआधी दोन-तीन वेळा नुसती किल्ली फिरवून पंपाला दाब भरू द्यावा आणि प्रत्येक जोड टॉर्च लावून पाहावा.

नंतर काही दिवस गाडी चालवून कंट्रोल युनिटने पेट्रोलच्या प्रमाणात केलेली दुरुस्ती वाचावी, स्कॅनरवर दिसत असेल तर. आयडलला दहा टक्के आणि मध्यम भाराला जवळजवळ शून्य, तर डेड टाइमचा तक्ता चुकला आहे. दोन्हीकडे सारखेच टक्के, तर सीसीचा आकडा किंवा रेलचा दाब चुकला आहे. दाबाचं गणित वर्गमुळाचं असतं: ३ बारऐवजी ३.३ बार असेल तर पेट्रोल दहा नव्हे, पाच टक्क्यांनी वाढतं.