क्रीडा मंडळाला हक्काची जागा हवी आहे? ठाणे आणि नवी मुंबईत अर्ज कोणाकडे, पात्रता काय, कागद कोणते

कबड्डीची मॅट एकसंध नसते. एक मीटर बाय एक मीटरचे तुकडे एकमेकांत अडकवायचे. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर, म्हणजे १३० तुकडे. कळव्यातल्या आमच्या मंडळाचे हे तुकडे चार वर्षं तीन ठिकाणी पडून होते: थोडे एका पोराच्या इमारतीत जिन्याखाली, थोडे एका काकांच्या दुकानाच्या पोटमाळ्यावर आणि उरलेले माझ्या गॅलरीत. सराव सहाचा, पण पाचपासूनच रिक्षाच्या फेऱ्या. एका पावसाळ्यात जिन्याखालच्या मॅटना बुरशी आली, सोसायटीने नोटीस लावली, आणि "मंडळाला कायमची जागा हवी" हे वाक्य पहिल्यांदा आमच्या इतिवृत्तात आलं.

तिथपासून करारावर सही होईपर्यंत चिटणीस मीच होतो. त्या काळात जे कळलं ते इथे लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण बहुतेक मंडळं पहिल्याच पानावर इथे चुकतात. "अमुक मैदान आमच्या मंडळाला द्यावे" असा अर्ज करू नका. सार्वजनिक मैदान एका मंडळाच्या नावे करून देणं कुठल्याही अधिकाऱ्याला जड जातं, आणि जायलाच हवं. उद्या दुसऱ्या मंडळाने तेच केलं तर आपणच ओरडणार. मागायचं ते ठरलेल्या दिवसांचे ठरलेले तास आणि सामान ठेवायला एक खोली. आमच्या पोरांना आज जी "आपली जागा" वाटते ती कागदावर एवढीच आहे: आठवड्याचे सहा दिवस, रोज अडीच तास आणि दहा बाय बाराची खोली.

आधी मालक शोधा

मैदान डोळ्यांसमोर असतं, मालक नसतो. ठाण्यात ते महापालिकेचं असेल, सरकारी जमीन असेल तर विषय जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, आणि वागळे इस्टेटमध्ये एमआयडीसीचं असू शकतं. नवी मुंबईत गुंता थोडा जास्त. जमीन मुळात सिडकोची, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची. सिडको १९७० ची आणि नवी मुंबई महापालिका १९९२ ची, त्यामुळे काही मैदानं, उद्यानं महापालिकेकडे हस्तांतरित झाली आहेत, तर काही भूखंड अजून सिडकोच्याच नावावर. महापे-रबाळे पट्ट्यात पुन्हा एमआयडीसी.

चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज नामंजूर होत नाही, पडून राहतो. नामंजूर झालेला परवडतो, निदान उत्तर तरी येतं.

मालक कळायला मालमत्ता पत्रक किंवा सातबारा उतारा काढा. नवी मुंबईत सेक्टर आणि भूखंड क्रमांक हातात ठेवा, त्याशिवाय तिथे कोणी बोलत नाही. त्याबरोबर नगररचना विभागाकडून विकास योजनेचा अभिप्राय, म्हणजे आपण ज्याला डीपी रिमार्क म्हणतो तो घ्या. जागेचं आरक्षण "खेळाचे मैदान" आहे की "उद्यान", हे त्यात कळतं. उद्यानाच्या आरक्षणावर खो-खोचे खांब रोवायची परवानगी मागाल तर फाईल उद्यान विभागात जाईल आणि हिरवळीच्या मुद्द्यावर अडेल.

गृहसंकुलाच्या आतलं मोकळं मैदान या विषयात धरू नका. ती त्या संकुलातल्या रहिवाशांची जागा. त्यांची सोसायटी तोंडी हो म्हणेल, पुढच्या निवडणुकीत समिती बदलली की मॅट पुन्हा रिक्षात.

कागद आणि आरक्षण बघा म्हणतो त्याला आणखी एक कारण आहे. घणसोलीत शासकीय क्रीडा संकुलासाठी ठेवलेली २० एकर जागा दुसऱ्या वापराला देऊन संकुल रायगड जिल्ह्यात माणगाव तालुक्यात हलवायचा निर्णय झाला होता. उच्च न्यायालयाने तो २०२४ मध्ये रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला. अशा वेळी आरक्षणाचे जुने कागद कामी येतात. आपल्या वॉर्डातलं मैदान एवढं मोठं नसतं, पण त्याचीही एक फाईल असते.

पात्रता: मंडळ कागदावर जिवंत असलं पाहिजे

व्यक्तीच्या नावाने, प्रशिक्षकाच्या नावाने किंवा "समस्त खेळाडू" अशा सहीने केलेल्या अर्जावर जागेचा करार होत नाही. नोंदणीकृत संस्था लागते. महाराष्ट्रात क्रीडा मंडळं साधारणपणे दोन कायद्यांखाली नोंदली जातात: संस्था नोंदणी अधिनियम १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम १९५०. दोन्ही कामं धर्मादाय कार्यालयातून होतात. किमान सात सभासद लागतात. पहिली नोंदणी झाल्यावर बरेच जण पेढे वाटून घरी जातात आणि दुसरी राहून जाते. तुमच्याकडे संस्थेच्या नोंदणी क्रमांकासोबत "एफ" ने सुरू होणारा न्यास (ट्रस्ट) क्रमांकही आहे का, ते आजच बघा.

घटनेतली उद्दिष्टं नीट वाचा. अनेक मंडळांची सुरुवात गणेशोत्सवातून झालेली असते आणि घटनेत "सांस्कृतिक व सामाजिक कार्य" एवढंच लिहिलेलं असतं. खेळाचा, प्रशिक्षणाचा, मुलामुलींच्या स्पर्धांचा स्पष्ट उल्लेख नसेल तर आधी घटनादुरुस्ती करा.

आता आमची फजिती. पहिला अर्ज आम्ही छान फाईल करून, रंगीत फोटो लावून दिला. दोन महिन्यांनी एका ओळीचं पत्र आलं: अर्जावर सही करणारे पदाधिकारी नोंदीत आढळत नाहीत. झालं असं की आमची कार्यकारिणी दोनदा बदलली होती, पण धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, आपण ज्याला चेंज रिपोर्ट म्हणतो तो, गेलाच नव्हता. विश्वस्तव्यवस्था कायद्याच्या कलम २२ प्रमाणे बदल झाल्यापासून ९० दिवसांत तो द्यायचा असतो. सरकारदरबारी आमचे अध्यक्ष अजून तेच होते, जे सहा वर्षांपूर्वी नाशिकला राहायला गेले. उशीर माफीचा अर्ज, जुन्या सभांची इतिवृत्तं, राजीनामे, नव्यांची संमतीपत्रं हे सगळं जमवण्यात जवळजवळ एक वर्ष गेलं. नगरसेवकांचं शिफारसपत्र पहिल्या अर्जालाही जोडलं होतं, त्याने यात काडीचा फरक पडला नाही.

हिशेबांचंही तसंच. ३१ मार्चला हिशेब बंद करून सहा महिन्यांत लेखापरीक्षण करून घ्यायचं आणि अहवाल धर्मादाय कार्यालयात दाखल करायचा. मंडळाची उलाढाल वीस हजारांची असली तरी.

जोडायचे कागद

दोन्ही नोंदणी प्रमाणपत्रं, घटना व नियमावलीची प्रत, परिशिष्ट एकचा ताजा उतारा (यावर सध्याचे विश्वस्त दिसतात, म्हणून हाच सगळ्यात आधी काढा), मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, मंडळाचं पॅन, मंडळाच्या नावाचं बँक खातं, आणि ज्या बैठकीत अर्ज करायचं ठरलं तिचा ठराव. ठरावात सही कोण करणार आणि पाठपुरावा कोण करणार यांची नावं असू द्या.

खेळाचा भाग वेगळा ठेवा. जिल्हा संघटनेशी संलग्नता असेल तर त्याचं पत्र. खेळाडूंची यादी जन्मतारखांसह, मुली किती आणि मुलगे किती ते वेगळं दाखवून. प्रशिक्षकांची प्रमाणपत्रं. मुलं अठरा वर्षांखालची असतील तर प्रशिक्षक आणि मदतनीसांचं पोलीस चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्रही जोडा. यादीत ते मागितलेलं असो वा नसो, ते बघून समोरच्या टेबलावरचा सूर बदलतो.

फोटो चार पुरे. करंडक उचललेल्यांपेक्षा रोजच्या सरावाचे द्या. आम्ही दुसऱ्या अर्जाला रिक्षातून मॅट उतरवणाऱ्या पोरींचा फोटो लावला होता, पाहणीला आलेल्या अभियंत्यांना तोच आठवत होता.

आयकर सवलतीची नोंदणी (१२ ए, ८० जी म्हणतात ती) जागेसाठी लागत नाही. पुढे खोलीच्या दुरुस्तीला कोणी देणगी देणार असेल तेव्हा ती उपयोगी पडते.

अर्जाचा मजकूर आणि फाईलचा प्रवास

अर्ज महापालिका आयुक्तांच्या नावे. प्रती मालमत्ता विभागाला, क्रीडा विभागाला आणि ठाण्यात असाल तर प्रभाग समितीच्या, नवी मुंबईत असाल तर विभाग कार्यालयाच्या सहायक आयुक्तांना. प्रत्येक प्रतीवर आवक शिक्का आणि क्रमांक घ्या. शिक्क्याशिवायचा कागद म्हणजे घरचं पत्र.

मजकूर दीड पानाच्या वर नको. कोणतं मैदान, त्याचा कोणता भाग, कोणते दिवस, किती ते किती. त्या वेळेत आज तिथे काय चालतं हेही प्रामाणिकपणे लिहा: सकाळी चालणारे ज्येष्ठ नागरिक, रविवारी टेनिस बॉल क्रिकेट, मे महिन्यात लग्नाचे मांडव. आपल्या वेळेत बाहेरच्या मुलांना खेळू देणार का, शुल्क घेणार का, किती, कोणाला माफ, हे आधीच सांगितलं तर पुढचे अर्धे आक्षेप संपतात. शौचालय आणि मुलींना कपडे बदलायला आडोसा हा मुद्दा स्वतंत्र परिच्छेदात लिहा. मुली बारा-तेरा वर्षांच्या झाल्या की सराव का सोडतात, याचं उत्तर अनेक मैदानांवर या एका गोष्टीत असतं.

त्यानंतर स्थळ पाहणी होते, नगररचना आणि अभियांत्रिकी विभागाचे अभिप्राय येतात, मालमत्ता विभाग टिपणी तयार करतो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ चं कलम ७९ इथे महत्त्वाचं. बारा महिन्यांपर्यंतचा भाडेपट्टा आयुक्त आपल्या अधिकारात देऊ शकतात. जास्त मुदत हवी असेल तर विषय स्थायी समितीपुढे, महासभेपुढे जातो. शिवाय याच कलमाप्रमाणे मोबदला चालू बाजारभावापेक्षा कमी नसावा अशी अट आहे. "आम्ही समाजसेवा करतो, एक रुपयात द्या" हे म्हणूनच चालत नाही. आणि महापालिका जाहिरात देऊन इतर संस्थांकडूनही प्रस्ताव मागवू शकते. तसं झालं तर रागावू नका, आपलाही अर्ज त्यात भरा. जाहिरातीतून मिळालेली जागा कोणी कोर्टात ओढली तरी टिकायची शक्यता जास्त.

माझा सल्ला: पहिल्यांदा अकरा किंवा बारा महिन्यांचीच परवानगी मागा. ती स्वच्छ चालवली, भाडं वेळेवर भरलं, तर दुसऱ्या वेळी लांब मुदत मागताना हातात पुरावा असतो.

फाईल थांबली असं वाटलं तर माहिती अधिकाराचा अर्ज. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. विचारायचं एवढंच: अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावरील टिपणीच्या प्रती द्याव्यात. तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. आमची फाईल कोणत्या टेबलावर आहे ते आम्हाला असंच कळलं. भांडायला हा अर्ज वापरू नका, त्याच माणसांसोबत पुढे वर्षानुवर्षं काम करायचं असतं.

इतर वाटा

सिडको सामाजिक वापराचे भूखंड जाहिरात काढून भाडेपट्ट्याने देते, मुदत साधारण साठ वर्षांची. पण अधिमूल्य (भाडेपट्ट्यासाठी सुरुवातीला भरायची रक्कम) भरायचं, ठरल्या मुदतीत बांधकाम करायचं, उशीर झाला तर जादा अधिमूल्य. वर्गणीवर चालणाऱ्या मंडळाने या वाटेला जाण्याआधी दहा वेळा विचार करावा. सरकारी जमिनीचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, तिथला प्रवास तलाठ्यापासून (आताचे ग्राम महसूल अधिकारी) सुरू होतो आणि लांबतो. महापालिका शाळेचं पटांगण शाळा सुटल्यावर मागणं ही लहान मंडळासाठी मला सगळ्यात व्यवहार्य वाट वाटते. भिंत असते, नळ असतो, शौचालय असतं.

जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय जागा देत नाही. क्रीडांगण आणि व्यायामशाळा विकासाच्या अनुदान योजना मात्र तिथे आहेत, आणि त्यांना जागेचा कागद लागतो. म्हणजे आधी जागा, मग अनुदान.

करार आणि ताबा

मसुदा आला की शीर्षक वाचा: भाडेपट्टा की परवाना. परवान्यात जागेत हक्क निर्माण होत नाही, फक्त वापरायची मुभा मिळते. बहुतेक मंडळांना परवानाच मिळतो आणि तासांपुरता तो पुरतो. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा असेल तर दुय्यम निबंधकांकडे नोंदणी सक्तीची आहे. तीन कलमं शोधा: महापालिका कार्यक्रमासाठी मैदान घेणार असेल तर किती दिवस आधी कळवणार, खोलीचं वीजबिल कोणाच्या नावे, आणि पोटभाड्याने देण्याची मनाई. शेवटचं मोडायचा मोह पहिल्याच वर्षी होतो, कोणीतरी वाढदिवसाला खोली मागतंच.

ताबा घेताना ताबा पावतीवर मीटरचं रीडिंग, दिव्यांची आणि नळांची संख्या, फुटलेली कौलं किंवा पत्रे, सगळं लिहून घ्या आणि तिथेच फोटो काढा. आमच्या खोलीचे दोन पत्रे आधीच फुटके होते, ते पावतीवर होते म्हणून दुरुस्ती आमच्या माथी आली नाही. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या सहा महिने आधी द्या. आमच्याकडे ती तारीख खोलीच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहिलेली असते, मॅट काढायला येणाऱ्या प्रत्येकाला दिसेल अशी.