उड्डाणपूल

उड्डाणपूल (पुल्लिंगी नाम) म्हणजे रस्ता, चौक किंवा रेल्वेमार्ग ओलांडण्यासाठी वाहनांना वरून नेणारा पूल. खाली नदी-ओढा असेल तर तो नुसता पूल. खालीही रहदारीच असेल तर उड्डाणपूल. शब्द ‘फ्लायओव्हर’वरून बेतलेला. त्यातले ‘उड्डाण’ संस्कृत, ‘पूल’ फारसी. जोडी विजोड खरी, पण कानाला कुठे खटकत नाही. सामान्यरूपात ‘पू’ ऱ्हस्व होतो: उड्डाणपुलावर, उड्डाणपुलाखाली. फलकांवर दिसणारे ‘उड्डाणपूलावर’ चुकीचे.

हा मुख्यतः लिहिण्यातला शब्द आहे. बातमीत ‘उड्डाणपुलाचे लोकार्पण’ होते, पण बोलताना सगळे ‘ब्रिज’च म्हणतात. रिक्षावाला विचारतो, ‘ब्रिजवरून घेऊ की खालून?’ प्रश्न साधा नाही. एकदा वर चढले की मधल्या चौकात ना उतरता येते, ना वळता येते. म्हणून नेमके त्या चौकातच जायचे असणारा आधीच बजावतो, ‘दादा, ब्रिज चढू नका, सिग्नलला लेफ्ट घ्या.’ पत्ता सांगतानाही ‘ब्रिज उतरलात की लगेच डावीकडे’ ही खूण हमखास येते.

मुंबईतला केम्प्स कॉर्नरचा उड्डाणपूल (१९६५) देशातला पहिला मानला जातो. शब्द घरोघरी पोचला तो मात्र १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात, महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने मुंबईत पन्नासावर उड्डाणपुलांचे काम काढले तेव्हा. मोहम्मद अली रोडवरून जाणाऱ्या, सुमारे अडीच किलोमीटर लांबीच्या पुलाचे अधिकृत नाव ‘कुतुब-ए-कोकण मखदूम अली माहिमी उड्डाणपूल’. लोक त्याला ‘जेजे ब्रिज’ म्हणतात आणि मोकळे होतात. त्यावर दुचाकींना बंदी आहे. स्कूटरवाल्याला तिथे ‘वरून की खालून’ हा पर्यायच नाही. उड्डाणपूल पाडावेही लागतात. पुण्याच्या विद्यापीठ चौकातला पूल २०२० मध्ये पाडला, कारण तिथे मेट्रोसह दुमजली पूल उभारायचा होता.

बराच पल्ला खांबांवरूनच जाणाऱ्या रस्त्याला सरकारी भाषेत ‘उन्नत मार्ग’ म्हणतात. जमिनीखालून जाणारा तो ‘भुयारी मार्ग’. चालणाऱ्यांसाठी ‘पादचारी पूल’ असतो किंवा ‘स्कायवॉक’. वर्तमानपत्रे स्कायवॉकला कधीकधी ‘आकाशमार्गिका’ म्हणतात, पण त्याचा जिना चढणाऱ्याच्या तोंडी तो शब्द अजून आलेला नाही.