खाल्लेलं धान्य अंगी लागावं म्हणून
(आमच्या गिरणीच्या ग्राहकांसाठी, लक्ष्मीपुरी, कोल्हापूर)

दळणाचा डबा ठेवता ठेवता बऱ्याच जणी विचारतात, "नाचणीत खरंच एवढं कॅल्शियम असतं का हो?" असतं. 100 ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलिग्रॅम. तेवढ्याच गव्हात 40 च्या आसपास, तांदळात त्याहूनही कमी. पण पोटात गेलेलं सगळंच अंगी लागत नाही, आणि तेवढ्यासाठीच हे पत्रक काढलं आहे.

धान्याच्या कोंड्यात आणि अंकुरात फायटिक आम्ल असतं. पुढं रोपाला लागणारा फॉस्फरस दाणा याच रूपात साठवतो. आपल्या आतड्यात मात्र हे आम्ल लोह, जस्त आणि कॅल्शियम धरून ठेवतं. नाचणीच्या तांबड्या सालीतलं टॅनिनही लोहाच्या आड येतं.

मग कोंडा चाळून टाकायचा का? अजिबात नको. चोथा, लोह आणि ब जीवनसत्त्वं त्यातच जास्त असतात. 1890 च्या दशकात जावा बेटावर आयकमन या डच डॉक्टरांनी पाहिलं की पांढऱ्या सडीक भातावर ठेवलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि तांदळाचा कोंडा दिला की त्या सावरतात. ब1 जीवनसत्त्व कमी पडल्यानं माणसांना होणाऱ्या बेरीबेरी या आजाराचं कोडं तिथून उलगडत गेलं. 1929 साली त्यांना नोबेल मिळालं. म्हणून चपातीचं पीठ चाळायचंच असेल तर मोठ्या भोकाची चाळणी घ्या.

खरा उपाय मोड आणण्यात आहे. नाचणी रात्रभर भिजवा, सकाळी निथळून सुती फडक्यात बांधा. एक-दीड दिवसात तांबड्या दाण्याला सुतासारखी पांढरी शेपटी फुटते. त्या वेळी दाण्यातलं फायटेज नावाचं विकर ते आम्ल फोडत असतं. मग नाचणी वाळवून मंद आचेवर भाजा आणि दळायला आणा. दाणा दाताखाली कडकन फुटला पाहिजे. ओलसर राहिला तर पीठ जात्याला चिकटतं आणि चार दिवसांत कुबट वास मारतं.

एवढा वेळ नसेल तर आंबील करा. ताकात पीठ कालवून रात्रभर आंबवलं तरी बरंचसं काम होतं. भाकरीबरोबर रश्श्यात लिंबू पिळता ते नुसतं चवीला नाही, त्यातलं क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं. चहा मात्र जेवणाला लागून घेऊ नका, तासभर जाऊ द्या. रक्त कमी असल्यानं डॉक्टरांनी गोळ्या दिल्या असतील, तर नाचणीच्या भरवशावर त्या बंद करू नका.

बाजरी आठवड्यापुरतीच दळून न्या. तिच्यात स्निग्धांश जास्त, त्यामुळं पीठ लवकर कडू पडतं. कुणी पाच किलो एकदम आणली तर आम्ही अर्धीच दळू या म्हणून आग्रह धरतो. राग मानू नका.

शेवटचं, फार महत्त्वाचं. ज्वारी, बाजरी, नाचणीत ग्लूटेन, म्हणजे गव्हातलं चिकट प्रथिन, नसतं. पण आमच्याकडं याच जात्यावर गहूही दळतो आणि पुसून घेतलं तरी थोडं पीठ मागं राहतंच. घरात कुणाला सेलिॲकचा, म्हणजे ग्लूटेन अजिबात न चालणारा आतड्याचा आजार असेल, तर त्यांचं दळण आमच्याकडं आणू नका. घरच्या छोट्या चक्कीवर वेगळं दळा.